चौदा नंबरची नळी

एझोला स्प्रुइल सकाळी सहाला नळीचं झाकण काढते,
आत कोळी असेल तर निघावा म्हणून फुंकर घालते,
मग फीत सोडते.
फितीच्या टोकाला शिशाचं वजन, खालून पोकळ.
पाण्याला टेकलं की ‘टप्प’ होतं,
दार न उघडता आतून कुणी
‘हो, आहे’ म्हणावं तसं.

‘एक वीत, चार बोटं,’ ती सांगते.
मी वहीत सेंटिमीटर लिहितो.

उत्तर कॅरोलायनाचा हा कोपरा इतका सपाट
की उतार कुठे ते पाण्यालाच आठवत नाही.
कुजक्या पानांच्या काळ्या थरात
ते दिवसचे दिवस रेंगाळतं,
चहासारखं होतं,
आणि मग चुकल्यासारखं
खाडीकडे निघतं.
रस्त्याच्या त्या अंगाला सायप्रसचं रान,
पाण्यात उभं, बुंधे सुजलेले.
या अंगाला कंपनीचे पाइन,
शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे,
आणि दर शंभर पावलांवर एक चर.

पाइन दिवसा पितात.
ऊन चढलं की नळीतलं पाणी दोन बोटं उतरतं,
तिन्हीसांजेला थबकतं,
रात्रभर खालून, बाजूने, कुठून कुठून
परत वर येतं.
पण पूर्ण नाही. एखादं बोट कमीच.
‘जमीन हातचं राखून देते,’ एझोला म्हणते.
वहीत त्याची नागमोडी रेघ व्हायची,
महिनोन्‌महिने, रोज एक लाट.

गेल्या वर्षी मार्चमध्ये चौदा नंबर तोडला.
अठ्ठावीस वर्षांची झाडं, तीन दिवसांत.
पिणारं कुणी उरलं नाही.
पाणी वर आलं ते आलंच,
चाकांच्या चाकोऱ्यांत बेडूक,
माझे बूट घोट्यापर्यंत.
आणि वहीतली रेघ सपाट.
एझोला बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली.
‘अशी रेघ मी ग्रीनव्हिलच्या दवाखान्यात पाहिली होती,’
एवढंच म्हणाली.

लॉन्झोकाका. तिचा चुलता.
चराच्या तोंडाशी लोखंडी पेटी आहे, तिला खाचा,
खाचांत फळ्या.
फळी घातली की पाणी रानात थांबतं,
काढली की कालव्यात जातं.
एवढीशी गोष्ट. चाळीस वर्षं त्याने ती केली,
पगाराच्या यादीत या कामाला नाव नव्हतं.

कालव्याचा हिशेब मात्र एका जुन्या चोपडीत आहे:
लांबी सहा मैल, रुंदी वीस फूट, खोली इतकी.
ज्यांनी छातीभर चिखलात उभं राहून खणला
त्यांची फक्त संख्या.
एझोलाचं आडनाव
त्या चोपडीच्या मालकाचं आहे.

आमचं बटाट्याचं शेत याच चरावर, वरच्या बाजूला.
बाप म्हणतो, फळ्या काढ, कंद सडतील.
कंपनीचा माणूस म्हणतो, काढ,
जानेवारीत लावलेली रोपं बुडतील.
मी दोघांचे निरोप एझोलाला देतो,
ती मान डोलावते
आणि आपल्या मनाचं करते.

यंदा जूनमध्ये सतरा दिवस थेंब नाही.
सायप्रसच्या रानातला चिखल
बेकरीतल्या पावासारखा फुगून तडकला.
त्या संध्याकाळी तिने तिसरी फळी खाचेत धरली,
टाचेने ठोकून बसवली.
चर थांबला.
एक गोमेचं पान वाहत होतं, गमच्या झाडाचं लाल पान,
ते जागच्या जागी फिरायला लागलं,
मग, खरंच सांगतो, उलटं निघालं,
रानाकडे.

‘बाबांना काय सांगू?’ मी विचारलं.
‘सांग, दोन दिवस. मग मी स्वतः येते काढायला.’

रात्री दहाला आम्ही बॅटरी घेऊन परत गेलो.
पेन्सिलीएवढी रोपं, प्रत्येकाच्या शेंड्यावर एकेक डास असावा
इतके डास.
तिने झाकण काढलं. फुंकर. फीत.
टप्प.
मी वही उघडून आकड्याची वाट बघत राहिलो.
‘थांब,’ ती म्हणाली,
‘अजून चढतंय.’